अंककोड्यांची पेटी आणि आठवीचा विज्ञानाचा तास : अडीच महिन्यांच्या वापरानंतरचा अभिप्राय

गेल्या डिसेंबरात आमच्या शाळेने आठवीच्या विज्ञानाच्या तासासाठी अंककोड्यांची एक पेटी साडेसहाशे रुपयांना विकत घेतली. चाळीसगाव तालुक्यातील आमच्या शाळेत प्रयोगशाळा म्हणजे एक कपाट आणि दोन टेबले, त्यामुळे कमी खर्चात काही शिकवता येईल असे साहित्य दिसले की आम्ही लगेच त्याकडे वळतो. पेटीच्या झाकणावर ‘कोड्यांतून वैज्ञानिक विचारपद्धती’ असे मोठ्या अक्षरांत छापले आहे. गणिताच्या कोड्यांनी विज्ञान कसे काय शिकवले जाणार, ही शंका मला तेव्हाही होती आणि ती पूर्णपणे फिटली असे आजही म्हणता येणार नाही. परंतु अडीच महिने आठवड्यातून दोन तास ही पेटी वापरल्यावर तिचा कोणता भाग त्या दाव्याला उतरतो आणि कोणता नुसता वेळ घालवतो, हे मला बऱ्यापैकी स्पष्ट झाले आहे. पेटी बनवणारे प्रकाशक लहान आहेत आणि पुढे मी काही दोष दाखवणार असल्याने त्यांचे नाव येथे देत नाही. ज्यांच्याकडे ही पेटी असेल त्यांना ती वर्णनावरून ओळखू येईल.

पेटीत चार गोष्टी आहेत : ‘लपलेला नियम’ या खेळाची चाळीस कार्डे, गुप्त संख्या ओळखण्याच्या खेळाच्या पाट्या, सुडोकू आणि जादूच्या चौरसांचे (ज्यांत आडव्या, उभ्या आणि तिरक्या ओळींची बेरीज सारखीच येते) दोन वह्यांएवढे गठ्ठे, आणि शिक्षकांसाठी बत्तीस पानांची पुस्तिका. या चारांपैकी पहिल्या दोन गोष्टींसाठी पैसे वसूल होतात.

‘लपलेला नियम’ या खेळात कार्डावर तीन संख्या छापलेल्या असतात आणि त्या ज्या नियमात बसतात तो नियम फक्त कार्ड हातात असलेल्या मुलाला माहीत असतो. बाकीच्यांनी आपल्या मनाने तीन-तीन संख्या सुचवायच्या, कार्डवाल्याने ‘बसते’ किंवा ‘बसत नाही’ एवढेच उत्तर द्यायचे आणि खात्री पटल्यावर गटाने नियम जाहीर करायचा. पहिल्याच कार्डावर 2, 4, 6 होते. मुलांनी 8, 10, 12 विचारले, बसते. 20, 22, 24 विचारले, बसते. एकाने तर थेट 1000, 1002, 1004 विचारले आणि तेही बसल्यावर गटाने मोठ्या ऐटीत ‘दोन-दोनने वाढणाऱ्या सम संख्या’ असा नियम जाहीर केला. तो चुकीचा निघाला. दुसऱ्या गटाने 1, 3, 5 विचारून ‘सम’ हा शब्द काढून टाकला, तेही चूक. तिसऱ्या गटाने 5, 10, 15 विचारून ‘सारख्या अंतराने वाढणाऱ्या’ असे सांगितले, तेही चूक. वर्गाच्या चेहऱ्यावर आता राग दिसू लागला होता, कारण विचारलेले प्रत्येक उदाहरण बसत होते आणि सांगितलेला प्रत्येक नियम खोटा ठरत होता.

तेवढ्यात शेवटच्या बाकावरच्या एका मुलीने, जी एरवी वर्गात फारसे बोलत नाही, 6, 4, 2 असे विचारले. बसत नाही. त्या तासात ‘नाही’ हे उत्तर पहिल्यांदाच ऐकू आले होते आणि शेजारच्या मुलांनी ‘वाया गेलं’ म्हणून हळहळ व्यक्त केली. तिने मात्र लगेच 1, 2, 50 विचारले, ते बसल्याचे ऐकले आणि माझ्याकडे वळून म्हणाली, ‘‘माले समजनं, मॅडम.’’ नियम एवढाच होता की प्रत्येक संख्या आधीच्या संख्येपेक्षा मोठी असावी.

हे कोडे पेटीकर्त्यांचे नाही. पीटर वेसन या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी 1960 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात याच तीन संख्या 29 जणांपुढे ठेवल्या होत्या आणि त्यांपैकी फक्त 6 जणांनी आधी एकही चुकीचा नियम न सांगता बरोबर उत्तर दिले. माणूस आपल्याला जे खरे वाटते त्याला दुजोरा देणारीच उदाहरणे शोधत राहतो आणि ते खोटे ठरवू शकेल असा प्रश्न विचारायचे टाळतो, हे त्या प्रयोगातून दिसले. शिक्षकांच्या पुस्तिकेत वेसन यांचे नाव नाही, ही माझ्या मते गंभीर उणीव आहे. श्रेयाचा मुद्दा आहेच. पण हा खेळ नेमका कशासाठी खेळायचा, हे त्या प्रयोगाची माहिती असल्याशिवाय शिक्षकालाच कळत नाही. पुस्तिका केवळ ‘विद्यार्थ्यांची तर्कशक्ती वाढते’ असे सांगून पुढे जाते.

आमच्या भागातील मुलांच्या बाबतीत या खेळाचा एक जास्तीचा उपयोग मला दिसला. शिष्यवृत्ती परीक्षेच्या तयारीत मुले संख्यामालिकेची शेकडो उदाहरणे सोडवतात. तेथे चार-पाच संख्या पाहायच्या, पुढची ओळखायची आणि पर्यायाचे वर्तुळ काळे करायचे, की काम संपले. आपण ओळखलेला नियम चुकीचा असू शकतो आणि ते तपासण्याचा काही मार्ग असतो, ही जाणीवच त्या सरावात कोठे येत नाही. लपलेल्या नियमाच्या कार्डांनी ही सवय पहिल्या आठवड्यातच मोडली. तिसऱ्या तासापासून मुले ‘आता नाही येईल असं काहीतरी विचार’ असे एकमेकांना सांगू लागली.

कार्डांचा एक दोष मात्र फार मोठा आहे. नियम मागच्या बाजूला छापला आहे आणि कागद इतका पातळ आहे की कार्ड खिडकीच्या उजेडासमोर धरले की उलटी अक्षरे सरळ वाचता येतात. हा शोध मला लागला नाही; खिडकीजवळ बसणारा एक गट सलग चार कार्डे दोन-दोन प्रश्नांत सोडवू लागला तेव्हा मी त्यांच्या मागे जाऊन उभी राहिले. (त्यांनी अप्रत्यक्ष पुराव्यावरून निष्कर्ष काढला होता, त्यामुळे रागवावे की शाबासकी द्यावी, हा प्रश्न मला खरोखरच पडला.) सध्या प्रत्येक कार्डाच्या मागे जुन्या वहीचे पुठ्ठे चिकटवले आहेत आणि नियमांची यादी माझ्या कपाटात आहे.

याहून मला जास्त खटकले ते सत्ताविसावे कार्ड. त्यावर 1, 2, 4, 8, 16 या संख्या असून ‘पुढची संख्या कोणती?’ असा एकच प्रश्न आहे आणि मागे 32 हे उत्तर. संपूर्ण पेटी ज्या चुकीविरुद्ध उभी आहे तीच चूक येथे पेटीने स्वतः केली आहे. मी ते कार्ड बाजूला ठेवले आणि मुलांना कंपास काढायला सांगितले. वर्तुळावर एक बिंदू घेतला तर वर्तुळाचा भाग एकच राहतो. दोन बिंदू जोडले तर दोन भाग होतात. तीन बिंदू एकमेकांना जोडले तर चार, चार बिंदूंचे आठ, पाच बिंदूंचे सोळा. सहा बिंदूंचे किती, असे विचारल्यावर सगळा वर्ग एका सुरात ‘बत्तीस’ म्हणाला. मग मी काढून मोजायला सांगितले.

पुढची चाळीस मिनिटे मी या वर्षातली सर्वांत चांगली शिकवणी पाहिली, आणि त्यात माझे बोलणे फारच थोडे होते. निम्म्या मुलांचे उत्तर 31 आले आणि जवळपास तेवढ्याच मुलांचे 30. बत्तीस कोणाचेही आले नाही. सुरुवातीला सगळ्यांनी आपणच मोजण्यात चुकलो असे धरले आणि खाडाखोड सुरू झाली; दोघांनी तर रेघ जरा सरकवून बत्तिसावा भाग ‘तयार’ केला, तो शेजाऱ्यांनी पकडला. मग 30 वाले आणि 31 वाले यांच्यात भांडण जुंपले. एकाच कृतीची दोन उत्तरे कशी येतात, याचे कारण अखेर त्यांनीच वह्या शेजारी शेजारी ठेवून शोधले. ज्यांनी कंपासची त्रिज्या न बदलता वर्तुळावर सहा खुणा केल्या होत्या, त्यांचे बिंदू सारख्या अंतरावर आले होते. त्यामुळे समोरासमोरचे बिंदू जोडणाऱ्या तिन्ही रेघा बरोबर मध्यबिंदूतून गेल्या आणि मधला छोटासा त्रिकोण नाहीसा झाला. ज्यांनी बिंदू हाताने कसेही घेतले होते, त्यांच्या वहीत तो त्रिकोण तांदळाच्या दाण्याएवढा का होईना, पण होता. कोणत्याही तीन रेघा एका बिंदूत मिळत नसतील तर सहा बिंदूंचे 31 भाग होतात, हे गणिताने सिद्ध झालेले आहे. पण उत्तर वेगळे आले तर आधी प्रयोगाची मांडणी सारखी होती का ते पाहावे, हे त्या दिवशी मुलांना कोणी सांगावे लागले नाही. पेटीकर्त्यांनी हे कार्ड काढून टाकण्याऐवजी मागचे उत्तर बदलून ही आकृती द्यावी, अशी माझी सूचना आहे.

गुप्त संख्येचा खेळ अनेकांना लहानपणापासून ठाऊक असेल. एकाने मनात तीन वेगवेगळ्या अंकांची संख्या धरायची (शून्य सुरुवातीला चालते), दुसऱ्याने अंदाज करायचा, आणि किती अंक योग्य जागी आहेत व किती अंक आहेत पण चुकीच्या जागी आहेत, एवढेच पहिल्याने सांगायचे. पुस्तिकेतील ‘पूर्ण बरोबर’ आणि ‘अंशतः बरोबर’ हे शब्द मुलांनी दुसऱ्याच दिवशी टाकून दिले. योग्य जागी असेल तर अंक ‘घरात’ आणि नसेल तर ‘गल्लीत’, असे नामकरण झाले आणि मीही तेच वापरते. पाट्यांवरची खडूची जागा चांगली आहे, पुसली की स्वच्छ होते, आणि पेटीतील ही एकच वस्तू अजून नवीकोरी दिसते.

या खेळात शिकवण्यासारखे जे आहे ते पुस्तिकेने सोडून दिले आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. अशा तीन अंकी संख्या एकूण 720 होतात. पहिला अंदाज 123 केला आणि उत्तर ‘एक गल्लीत’ आले की मुले टाळ्या वाजवतात. ‘काहीच नाही’ असे आले की कपाळावर हात मारतात. आम्ही फळ्यावर मोजले. ‘काहीच नाही’ म्हणजे 1, 2 आणि 3 हे तिन्ही अंक बाद. उरलेल्या सात अंकांतून 7 × 6 × 5 म्हणजे 210 संख्या शिल्लक राहतात. ‘एक गल्लीत’ म्हणजे तीनपैकी कोणता तरी एक अंक, त्याच्यासाठी दोन संभाव्य जागा आणि उरलेल्या दोन जागांवर 7 × 6 प्रकारे दुसरे अंक, अशा 252 संख्या शिल्लक राहतात. ज्या उत्तरावर वर्ग हळहळत होता त्याने जास्त माहिती दिली होती. हा हिशोब मांडायला एक पूर्ण तास गेला आणि गणिताच्या सरांनी आमच्या वर्गात डोकावून ‘‘विज्ञान चाललंय की गणित?’’ असे विचारले. तरी त्यानंतर ‘नकारात्मक निष्कर्ष’ हा शब्द मला वेगळा समजावून सांगावा लागला नाही.

सुडोकू आणि जादूच्या चौरसांविषयी फार लिहिण्यासारखे नाही. छपाई सुबक आहे, सोप्याकडून अवघडाकडे क्रम चांगला लावला आहे आणि शेवटच्या तासाला दमलेला वर्ग त्यात रमतो. परंतु सुडोकूत सर्व नियम आधीच सांगितलेले असतात, उत्तर एकच असते आणि ते दिलेल्या अंकांतच दडलेले असते. नवा पुरावा मागवण्याची गरज किंवा सोयच नसते. निगमनाचा, म्हणजे दिलेल्या नियमांतून निष्कर्ष काढण्याचा, तो उत्तम व्यायाम आहे, मात्र त्याला वैज्ञानिक विचारपद्धती म्हणणे मला पटत नाही. निसर्ग आपल्याला नियम आधी सांगून मग चौकटी भरायला देत नाही. पेटीतील निम्मी जागा या गठ्ठ्यांनी व्यापली आहे आणि किमतीचा मोठा भागही बहुधा त्यांचाच असावा.

पुस्तिकेतील एक पान दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांच्या 6174 या संख्येवर आहे. नाशिकजवळच्या देवळाली येथे अनेक वर्षे शाळाशिक्षक असलेल्या कापरेकरांचे नाव मुलांना माहीत व्हावे म्हणून मी हे पान आवर्जून घेतले. चार अंकी संख्या घ्या, तिचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून मोठीतून लहान वजा करा, उत्तरावर तीच कृती पुन्हा करा; जास्तीत जास्त सात पायऱ्यांत 6174 येते. आम्ही उदाहरणासाठी 1114 घेतली, कारण गणिती भास्कराचार्यांचे जन्मवर्ष तेच आहे आणि आमच्याच तालुक्यातील पाटण येथील शिलालेखात त्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापन केल्याची नोंद आहे. पाटणादेवीला सहलीला जाऊन आलेल्या मुलांना एवढी ओळख पुरते. 4111 वजा 1114 म्हणजे 2997, मग 7173, 6354, 3087, 8352 आणि सहाव्या पायरीला 6174.

पुस्तिकेत ‘कोणतीही चार अंकी संख्या’ असे लिहिले आहे, आणि एका मुलाने पहिल्या पाच मिनिटांत 7777 घेऊन ते खोटे पाडले. सर्व अंक सारखे असतील तर उत्तर शून्य येते. ही अट लिहिणे आवश्यक होते. मग दुसऱ्या एकाने 1112 घेतली, त्याचेही शून्य आले आणि कापरेकर चुकले असे तो जाहीर करून मोकळा झाला. त्याची वही पाहिली तेव्हा 2111 वजा 1112 चे उत्तर त्याने 999 लिहून पुढे तीन अंकीच चालवले होते. 0999 असे चार अंक धरले की 8991, 8082, 8532 आणि मग 6174 येते. एक अपवाद खरा निघाला आणि एक खोटा, आणि दोन्हींची तपासणी एकाच तासात झाली. छापील पुस्तिकेतील हा दोष शिकवण्याच्या दृष्टीने आम्हाला लाभला, हे खरे असले तरी तो दोषच आहे.

आता पेटीच्या मुख्य दाव्याकडे येते. जानेवारीच्या शेवटी, कापूस वेचणी आटोपून वर्गातील हजेरी पुन्हा भरली तेव्हा, मी मुलांना दोरी, लहान-मोठे दगड आणि मोबाइलवरचे घड्याळ देऊन लंबकाच्या एका झोक्याला लागणारा वेळ कशावर अवलंबून आहे ते शोधायला सांगितले. कोड्यांचा परिणाम एका बाबतीत स्पष्ट दिसला : मागच्या वर्षीची मुले दोरीही बदलत आणि दगडही बदलत, या वर्षी बहुतेक गटांनी एका वेळी एकच गोष्ट बदलली आणि ‘दगडाने फरक पडत नाही’ हेही निष्कर्ष म्हणून लिहिले. दुसऱ्या बाबतीत मात्र कोड्यांनी नुकसान केले. एक मीटर दोरीच्या लंबकाला दहा झोक्यांसाठी सुमारे वीस सेकंद लागतात. एका गटाला लहान दगडाने 20 आणि मोठ्या दगडाने 21 सेकंद मिळाले, आणि त्यांनी तत्काळ ‘बसत नाही’ असे लिहून दगडाचा परिणाम होतो असा निकाल दिला. कार्डांच्या खेळात एका ‘नाही’ने नियम संपतो; घड्याळाचे बटण अर्धा सेकंद उशिरा दाबले जाते, दोरी गाठीपाशी सैल होते, हे त्या खेळात कधी घडतच नाही. तोच प्रयोग पाच वेळा करून लहान दगडाचीही 19 ते 21 अशी उत्तरे येतात हे दाखवल्यावर त्यांनी निकाल मागे घेतला, पण बऱ्याच कुरबुरीनंतर. संख्या कधी हलत नाहीत आणि मोजमापे नेहमी थोडी हलतात, या फरकावर पुस्तिकेत एक ओळही नाही. ज्या शिक्षकाला ही पेटी वापरायची असेल त्याने तिसऱ्या आठवड्यातच एखादा मोजमापाचा प्रयोग मध्ये घालावा. मी तो दीड महिना उलटल्यावर, म्हणजे उशिराच घातला.

बाकी किरकोळ : पेटीचा पुठ्ठा मार्चच्या उन्हात कोपऱ्यांवर सुटू लागला आहे. भाषा शुद्ध आहे, पण ‘अनुमान’, ‘गृहीतक’ आणि ‘निष्कर्ष’ हे तीन शब्द पुस्तिकेत एकमेकांच्या जागी वापरले आहेत, आणि विज्ञानाच्या तासाला ते चालत नाही. बत्तीस पानांपैकी सहा पाने प्रास्ताविकाची आहेत. चाळीस मुलांच्या वर्गाला एक पेटी पुरत नाही. सहा-सहांचे गट केले तरी पाट्या कमी पडतात, त्यामुळे आम्ही घरच्या फुटक्या पाट्यांवर काम भागवले.

साडेसहाशे रुपये देऊन ही पेटी घ्यावी का, असे शेजारच्या शाळेतील शिक्षिकेने विचारले तेव्हा मी तिला कार्डे आणि पाट्या दाखवल्या, सुडोकूचे गठ्ठे दाखवले नाहीत, आणि सत्ताविसावे कार्ड तिच्या हातात देऊन सहा बिंदूंचे वर्तुळ काढायला सांगितले. तिचे उत्तर 30 आले. तिने पेटी मागवली आहे.